पाजलेलं तेल

दादा, मी बीडमध्ये कुत्र्या-मांजरांच्या एका दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसले आहे आणि तुम्हाला लिहिते आहे. हसू नका. कुत्र्यासाठी वेगळा दवाखाना असतो हेच तुम्हाला पटायचं नाही. तुम्ही पाटोद्याला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर होतात, तेव्हा तिथे कुत्रं यायचं ते एकतर गाडीखाली आलेलं, नाहीतर पिसाळल्याचा संशय असलेलं, आणि दोन्ही वेळा तुम्ही आम्हा पोरांना लांब हाकलायचात. इथे माझ्या शेजारी एक बाई मांडीवर पांढरं केसाळ पिल्लू घेऊन बसली आहे, त्याच्या डोक्यावर रिबीन बांधली आहे. समोर एक आजोबा भाजीच्या पिशवीत मांजर घेऊन आलेत, पिशवीतून नुसते कान दिसतात. आमचा कुत्रा आत आहे, सलाईन लावलेला. मला आत बसू देत नाहीत, कारण मी दिसले की तो उठायला बघतो आणि सुई हलते. म्हणून मी बाहेर. हाताला काही काम नसलं की मी उठून दाराच्या फटीतून डोकावते, आणि डॉक्टरीणबाई त्यावरून मघाशी एकदा बोलल्याच आहेत. म्हणून शाळेची वही पर्समध्ये होती तिचं पान फाडलं.

कुत्रा माझा नाही हे आधी सांगून टाकते. तुमच्या नातवाने आणला. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत, तो तुमच्या मागे जन्मला, पण हट्ट तुमच्यावरच गेलाय. कॉलेजात असताना लॅब्राडोर पाहिजे म्हणून जेवण सोडलं, आम्ही दोघं नमलो. जातीचं पिल्लू आणलं, त्याला इंग्रजी नाव ठेवलं. नाव काही सांगत नाही, कुठल्याशा फॉरेनच्या माणसाचं आहे, तुम्ही आयुष्यभर त्यावरून मला चिडवलं असतं. मग चिरंजीव पुण्याला नोकरीला गेले आणि कुत्रा राहिला वडवणीत आमच्या गळ्यात. पोरांनी हौस करायची आणि आईबापांनी निस्तरायची, ही आजकालची रीतच झाली आहे. आमच्या शाळेतल्या दोन शिक्षिकांच्या घरी हेच. पिल्लू घेताना सगळे पिल्लाची किंमत विचारतात, घासाघीस करतात. ते जगलं तर पुढची दहा-बारा वर्षं त्याला काय काय लागेल हे कोणी विचारत नाही. दरवर्षीच्या लसी, जंताचं औषध, गोचिडांचं औषध, आणि आपल्या उन्हाळ्यात या थंड मुलखातल्या जातीला कूलरपुढे झोपवायचं. आमच्या कूलरपुढे मी कमी आणि तो जास्त झोपतो. पण दादा, शाळेतून आले की फाटकाची कडी वाजायच्या आत तो उठलेला असतो. घरात दुसरं कोण उठतं माझ्यासाठी? हे तर पेपर डोळ्यापुढून खालीसुद्धा घेत नाहीत. माझा नाही माझा नाही म्हणता म्हणता तो केव्हा माझा झाला ते कळलं नाही.

तर झालं असं. रविवारी दुपारी फाटक उघडं राहिलं आणि तो शेजाऱ्यांच्या गोठ्यात शिरला. म्हशीसाठी सरकीची पेंड भिजत घातली होती, ती सगळी हाणली. लॅब्राडोरला पोट भरल्याचं कळतच नाही म्हणतात, ते खरं असावं. संध्याकाळपर्यंत पोट असं तट्ट फुगलं की बोटाने वाजवलं तर वाजावं. तो एका जागी ठरेना, बसेना, ओकायला बघे पण काही येईना. हे म्हणाले, गाडी सांगतो, बीडला नेऊ. तालुक्याचा दवाखाना रविवारचा बंद. मी म्हणाले, थांबा. पोटफुगी आहे. हे मला येतं.

कुठून आलं ते माझ्या तोंडात, सांगू? तुमच्याकडून. मी कोणाची लेक आहे, या गुर्मीतून आलं.

शाळा सुटली की मी दवाखान्यात येऊन खोड्याजवळच्या कट्ट्यावर बसायची. लोखंडी पाइपांचा तो खोडा, आत उभा केलेला बैल, त्याच्या पोटाचा झालेला नगारा, आणि मालकाच्या तोंडचं पळालेलं पाणी. डॉक्टर औषध सांगायचे आणि पाजायचं काम तुमचं. बांबूचं तिरपं कापलेलं नळकांडं, त्यात गोडेतेल, हिंग, अजून काहीबाही. डाव्या हाताने तुम्ही बैलाची जीभ अशी बाजूला धरायचात की त्यालाही कळू नये, आणि उजव्या हाताने नळकांडं गालाच्या कोपऱ्यातून आत. तोंडाने काहीतरी पुटपुटत असायचात त्याच्याशी. एक थेंब बाहेर सांडायचा नाही. थोड्या वेळाने बैल ढेकर द्यायचा, सगळ्या दवाखान्यात वास सुटायचा आणि मालक हसायचा. तुम्ही घरी आलात की आई आधी न्हाणीत पाठवायची, फिनेलचा वास गेल्याशिवाय चुलीजवळ फिरकू द्यायची नाही. त्या वासाचा मला राग यायचा. आता इथे या बाकावर तोच वास येतोय आणि मी नाक भरून घेतेय.

तुमचा हात चांगला, हे पंचक्रोशीत बोललं जायचं. आणि ते तेवढंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. ज्यांच्या ओसरीच्या पायरीखाली आजोबांना उभं राहावं लागलं होतं, त्याच घरचे लोक आजारी बैल अंगणात तुमच्यापुढे आणून कासरा तुमच्या हातात द्यायचे आणि स्वतः बाजूला उभे राहायचे. ‘तुमचा हात लागू द्या,’ म्हणायचे. ‘तुमचा’ म्हणायचे. आपल्या वस्तीतल्या दुसऱ्या कोणाला त्या वाड्यावरून अहो-जाहो ऐकू आलेलं मला आठवत नाही. बैल उठला की चहा यायचा, तो घरातल्याच कपबशीतून. त्या कपबशीचं आईला केवढं अप्रूप होतं! तुम्ही मात्र घरी येऊन म्हणायचात, ‘चहा लई गोड हुता.’ बस, एवढंच.

तर त्याच हाताची मी लेक. कढईत तेल कोमट केलं, हिंग टाकला, पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरलं. ह्यांना म्हणाले, मागून धरा. मी जीभ बाजूला धरली, मान वर केली आणि ओतलं. तो ठसकला. मी म्हणाले, झालंच आता, थोडंच राहिलंय. आणखी ओतलं. तो पुन्हा ठसकला, सगळ्या अंगाने, आणि तेल नाकातून आलं. तरी मला वाटलं, गेलं पोटात, आता ढेकर येईल. जिंकल्याच्या थाटात मी हात धुतले. करायला गेले काय आणि वर झाले पाय.

सकाळी पोट जरा उतरलं होतं, पण श्वास असा चालला होता की बरगड्या मोजून घ्याव्यात. आधी वडवणीच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर भले माणूस, गाय अडली होती तिकडे निघालेले, तरी थांबून बघितलं. म्हणाले, ‘मॅडम, इथं माझ्याकडं मोठ्या जनावरांचं सगळं हाय, कुत्र्याचा एक्स-रे काढायची सोय न्हाई. येळ घालवू नका, बीडला न्या.’ एसटीत कुत्रं कोण घेणार? ओळखीची गाडी केली. हे मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पेपरवाले हे! मी पुढे बसून सगळा रस्ता मागेच बघत होते.

इथल्या डॉक्टर तरुण आहेत, आमच्या पोराच्या वयाच्या. शांत बोलतात. काय खाल्लं, कधी खाल्लं, लसी झाल्यात का, सगळं विचारलं. मग विचारलं, ‘घरी काही औषध दिलं? काही पाजलं?’

मी म्हणाले, नाही.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही.

का नाही म्हणाले? बाकावर चार माणसं ऐकत होती. मी शिक्षिका; वर्गात चाळीस पोरांना सांगते की अघोरी उपाय करू नका, साप चावला तर दवाखान्यात जा. शिवाय वाटलं की तेलच तर आहे, त्याने काय होतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरांनी पोटाचे उपचार सुरू केले. रक्त तपासायला घेतलं. मी खर्च विचारायलाही लाजले. काय वाटेल त्यांना, जिवापुढे पैसा बघते असं वाटेल. तुमच्या खोड्याजवळ कोणी लाजायचं नाही हो. माणसं आल्या आल्या विचारायची, ‘किती लागंल सायेब?’ आणि बैलाची बाजारातली किंमत मनात धरून पुढचं ठरवायची. त्यात दयामाया कमी होती असंही नाही. बैलाला किंमत होती, तेव्हा हिशोब मांडता यायचा. या कुत्र्याची बाजारात आता काय किंमत? शून्य. मग त्याच्यापुढे कुठला आकडा मांडायचा? हे मला काल रात्रभर सुटलं नाही. शेवटी डॉक्टरांनी स्वतःच समोर बसवून सांगितलं, की तपासणीची फी ही, एक्स-रे हा, रोजचं सलाईन-इंजेक्शन असं, आणि बरा झाल्यावरही दोनदा दाखवायला आणावं लागेल, ते धरून चाला. वर म्हणाल्या, ‘हे आधी विचारत जा, मॅडम. न विचारता लोक मधेच उपचार सोडून जातात, त्यात जनावराचे हाल होतात.’ विचारणं म्हणजे प्रेम कमी असणं नव्हे, एवढी साधी गोष्ट मला या वयात बाहेरच्या पोरीने शिकवली.

नातवाचा फोन दर तासाला. इंटरनेटवर वाचून मला सांगतो, हे करा, ते विचारा. उंटावरून शेळ्या हाकायला पुणं बरं पडतं. मी चिडले, म्हणाले, मग ये की. तो रडायलाच लागला. पंचविशीचा घोडा, पण रडला. मला वाईट वाटलं.

आज सकाळी पोट अगदी मऊ आणि श्वास कालच्यापेक्षा वाईट. ताप. हिरड्या फिकट. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘पोटाचं बरं होतंय, मग फुप्फुसात हे काय आलं? मला कळत नाही. संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, अजून तपासण्या कराव्या लागतील. पण एवढा प्रवास हा सोसेल का, ते सांगता येत नाही.’ ह्यांनी हळूच माझ्या कोपराला हात लावला. मी बाहेर आले. या बाकावर बसले. उठले. पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत गेले, परत आले.

तेव्हा तुम्ही आठवलात, आणि चिडलेले आठवलात. तो गोणपाटवाला माणूस आठवतो का? थंडीही नव्हती आणि बैलाच्या पाठीवर गोणपाट टाकून आणला होता. डॉक्टरांनी विचारलं, घरी काही केलं का. ‘न्हाई सायेब, काईच न्हाई.’ तुम्ही बैलाला खोड्यात घेताना गोणपाट सरकलं आणि खाली डागण्याच्या खुणा, ताज्या, पिकलेल्या. घरी तापल्या विळ्याने डागलं होतं आणि लाजेपोटी झाकलं होतं. तुम्ही कधी आवाज चढवायचा नाहीत, त्यातही वाड्यावरच्या माणसावर तर नाहीच. त्या दिवशी चढवलात. ‘जनावराला तोंड न्हाई, तुमाला हाय. मंग त्याच्या वतीनं खोटं कामून बोलता?’ कट्ट्यावर मला धास्ती, की आता हा माणूस तुम्हाला काय करेल. तो खाली बघून म्हणाला, ‘चुकलं.’

मी आत गेले आणि सांगितलं. रविवारी संध्याकाळी तेल पाजलं, बाटलीने, मान वर करून, ठसकला तरी पाजलं, नाकातून आलं. मला वाटलं ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाल्या, ‘अहो, मग हे तेल आहे फुप्फुसात! मी काय काय शोधत बसले.’ औषध तिथल्या तिथे बदललं. वाफ द्यायला लावली, प्राणवायूची नळी लावली. संभाजीनगर तूर्त रद्द. कालच सांगितलं असतं तर रक्ताच्या निम्म्या तपासण्या लागल्या नसत्या, आणि त्याचा एक अख्खा दिवस वाया गेला नसता. मग मला समजावून सांगितलं, की गाई-बैलाचं पोट वेगळं, कप्प्यांचं, त्यांची पोटफुगी वेगळी. मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलं आणि ओकारी येत नसली, तर कधी कधी आतलं पोट पीळ खातं, तेव्हा घरी एक मिनिट घालवायचा नाही, उचलायचं आणि डॉक्टरकडे. तोंडाने काही म्हणजे काही ओतायचं नाही. तुमच्या कुत्र्याला नशिबाने पीळ नव्हता, म्हणाल्या, नुसतं खाणं जास्त झालं होतं. म्हणजे मी हात लावला नसता तर तो बहुतेक दोन इंजेक्शनांत घरी आला असता.

आत्ता बोलावलं होतं, म्हणून लिहिणं थांबलं. जाऊन आले. सलाईन संपलं. तो उठला, दादा! पाय फाकत, पण स्वतः उठला, पायऱ्यांपर्यंत चालत आला आणि दवाखान्याच्या नव्या कोऱ्या कुंडीवर पाय वर केला. हे हसले, मी हसले, ते मांजरवाले आजोबाही हसले. श्वास अजून जड आहे. डॉक्टर म्हणतात, अजून काही दिवस आणावं लागेल, तेलाचं फुप्फुस सावकाश सुधारतं, पण आज सकाळी होती ती भीती आता नाही. मला बसल्या जागी रडू आलं आणि शेजारच्या बाईने मला तिच्या पिल्लाचा टिश्यू दिला.

पण जीव स्वस्थ होत नाही. एक गोष्ट मला विचारायची आहे आणि ती तुमच्याशिवाय कोणाला विचारू? जनावर ठसकलं तर काय करायचं, हे तुम्ही मला सांगितलं होतं का? मला शेळीच्या करडाला पाजायला शिकवलंत, न्हाणीच्या दाराशी, तो दिवस मला लख्ख आठवतो. जीभ धर, गालातून सोड, घाई करू नको. त्यापुढे काही म्हणाला होतात का? ‘ठसकलं की सोड, मान खाली घे,’ असं काही? कधी वाटतं, म्हणाला होतात, तुमचा आवाजच ऐकू येतो. कधी वाटतं, तो आवाज मी आज इथे बसून तयार केलाय. तुमची रीत कुत्र्याला लागू नव्हती, की रीतीतलं अर्धं मी विसरले? बैलांमध्येसुद्धा कधी एखादा तेलाने गेला का, आणि घरी येऊन तुम्ही नुसतं ‘चहा गोड हुता’ म्हणालात का? मी तुम्हाला बाप म्हणून शंभर गोष्टी विचारल्या, कामाबद्दल एक विचारली नाही. तुम्ही गेलात तेव्हा मला वाटलं होतं, मला सगळं माहीत आहे.

हे पान कुठे टाकायचं नाही. ह्यांनासुद्धा दाखवणार नाही. ते गाडी वळवून आणायला गेलेत, आले की निघायचं. पण तुम्ही खोटं चालवून घेत नाहीत, म्हणून राहिलेलं सांगते. मी तेलाचं सगळं सांगितल्यावर डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘हे पाजायला तुम्हाला शिकवलं कोणी?’ माझ्या जिभेवर तुम्ही होतात. पाटोद्याच्या दवाखान्यातले माझे वडील, त्यांचा हात चांगला होता, असं सांगणार होते. आणि म्हणाले, ‘गावाकडच्या एका माणसाने.’ मला वाटलं, तुमचं नाव वाचवलं. त्यांनी औषधाच्या बाटलीचं झाकण लावत अगदी सहज म्हटलं, ‘अशा अडाणी लोकांचं ऐकत जाऊ नका, मॅडम.’

आणि मी मान हलवली, दादा. हो म्हणून.